पैमाइशवाल्या साहेबांची होडी

जालन्याला नौकानयनाचा स्वतंत्र इतिहास आहे आणि तो अद्याप कोणी लिहिला नाही, ही खेदाची गोष्ट आहे. समुद्र फार लांब पडत असल्यामुळे विद्वानांचं तिकडे लक्ष गेलं नसावं. दुसरं कारण असं की हा इतिहास एकूण चार दिवसांचा आहे आणि त्यातली साडेसहा मिनिटं सोडली तर होडी पूर्णवेळ जमिनीवर होती. ती साडेसहा मिनिटं माझ्या हाताने नोंदलेली आहेत, म्हणून हे लिहायचा अधिकार माझ्याकडे येतो. होडी माझ्या घरमालकांची होती.

आम्ही तेव्हा निजामाच्या राज्यात राहत होतो. जमीन मोजायच्या सरकारी खात्याला पैमाइश म्हणत. माझे घरमालक त्या खात्यात तीस वर्षं नोकरी करून पेन्शनीत निघाले होते. अख्खा मोहल्ला त्यांना साहेब म्हणे. नोकरी संपली तरी मोजायची लोखंडी साखळी त्यांच्याजवळच राहिली. ती कशी राहिली हे विचारायची कोणाची छाती नव्हती.

मी मिडल स्कूलमध्ये मास्तर होतो. खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा साहेबांनी माझं गाव विचारलं नाही की जात विचारली नाही. मला भिंतीला टेकून उभं केलं आणि माझ्यासकट खोली मोजली.

"माणूस खोलीत किती जागा खातो ते बराबर समजलं पाहिजे," ते म्हणाले. "लोक रिकामी खोली पाहतात आणि भरलेल्या खोलीत राहतात. मंग भांडणं होतात."

'मोजल्याशिवाय मानू नये' हे त्यांचं ब्रीद होतं. स्टेशन लांब आहे असं म्हणणारा माणूस त्यांना अडाणी वाटे. "लांब म्हंजे किती? घरापासून स्टेशन एकशे तेरा साखळ्या. पावसाळ्यात एकशे अठरा."

"पावसाळ्यात अंतर वाढतं?" मी एकदा विचारलं.

"चिखल टाळून जाता का न्हाई? मंग? पायाला घडलं ते अंतर."

शेजारी एक म्हातारे शेवटच्या घटका मोजत होते. साहेब त्यांना भेटून आले आणि आल्या आल्या काकूंना म्हणाले, "त्यांचं दार अरुंद आहे. तिरपं काढावं लागेल." काकू संतापल्या. चौथ्या दिवशी तिरपंच काढावं लागलं.

काकू म्हणजे त्यांची बायको. कमी बोलायच्या. तीस वर्षं मोजमाप ऐकलेल्या माणसाला शब्द जपून वापरायची सवय लागत असावी. घरात त्यांचा मतभेद एकच, तो भिंतीवर टांगलेला असे. राज्यात सरकारी कामाला फसली सन चाले. आजर, दै, बहमन असे त्याचे महिने सूर्याच्या चालीने चालत आणि तीस-एकतीस दिवसांचे असत. लोकांच्या घरात आणि शेतात चैत्र-वैशाख, चंद्राचे, दिवसाने तोकडे. बाकीचे सरकारी नोकर घरी आले की डोक्यावरची दस्तार खुंटीला लावत, तसा फसली महिनाही लावत. साहेबांनी तो पेन्शनीतही उतरवला नाही. बैठकीत त्यांचं सरकारी कॅलेंडर होतं आणि स्वयंपाकघरात काकूंचं पंचांग. एकादशी दर महिन्याला वेगळ्या तारखेला येते हे पाहून ते काकूंकडे अशा नजरेने बघत, की जणू ती चुकवण्यात त्यांचाच हात आहे.

"चंद्राच्या हिशोबावर सरकार चालत न्हाई," ते म्हणत.

"सरकार न्हाई चालत, बाकी समदं चालतं," एवढंच काकू म्हणायच्या आणि चुलीकडे वळायच्या.

त्यांना एकच लेक. केदारखेड्यापलीकडे, पूर्णा नदीच्या पल्याडच्या गावी दिलेली. पूर्णेवर तिथे पूल नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला साहेब तिला माहेरी आणायला गेले तेव्हा नदी दुथडी भरलेली होती. ते अल्याड उभे राहिले, लेक पल्याड. ओरडलेलं ऐकू येत नव्हतं. तिने हात केला, यांनी हात केला. तासाभराने ती परत फिरली. ही हकिगत मला साहेबांनी सांगितली नाही, काकूंनी सांगितली. साहेबांनी फक्त नदीची रुंदी सांगितली.

पुढच्या फाल्गुनात लेकीला दिवस गेल्याची खबर आली. पहिलं बाळंतपण माहेरी आणि त्यासाठी लेक सातव्यात आणायची, हे ठरलेलंच. आणि आठवा महिना लागला की पोटुशीने नदी ओलांडायची नाही, हेही ठरलेलं. तिची सासू या बाबतीत पक्की होती. साहेबांनी वहीत हिशोब मांडला. सातवा महिना भरणार मेहर महिन्यात, म्हणजे ऐन पावसाळ्यात. नदी आडवी येणार. त्यांनी वही मिटली आणि होडी घ्यायची ठरवली.

होडीची जाहिरात स्टेशनमास्तरकडे येणाऱ्या इंग्रजी वर्तमानपत्रात होती. इंग्रजी मुलखात एका धरणावर काम करणारा गोरा इंजिनिअर विलायतेला परत निघाला होता. त्याला आपली शिडाची होडी विकायची होती, दोन चाकांच्या गाड्यासकट. मोटारीमागे गाडा जोडायचा आणि होडी हवी तिथे न्यायची, अशी सोय. साहेबांकडे मोटार नव्हती. "ओढणारं काय, कोणीही असतं," ते म्हणाले, आणि इंग्रजी बोलायला लागलं तर असावं म्हणून मला बरोबर घेतलं.

इंजिनिअरच्या बंगल्यात साहेबांनी होडी दोन तास मोजली. लांबी, रुंदी, डोलकाठी, शीड, वल्ही. गोरा चकित झाला. त्याला वाटलं, गिऱ्हाईक मुरलेलं आहे. ती तरंगते का, हे मात्र आम्ही दोघांनीही विचारलं नाही. निघताना गोरा हसत म्हणाला की हिला रोज थोडं पाणी पाजत जा. गोऱ्याचा हा विनोद आहे असं समजून आम्हीही हसलो.

मनमाडला होडी मोठ्या गाडीतून आमच्या राज्याच्या छोट्या गाडीत चढवावी लागली. मग हद्दीवर करोडगिरीचा नाका, म्हणजे राज्याची जकात. तिथल्या दारोगाने होडीला एक फेरी मारली.

"ये क्या चीज है?"

"किश्ती," साहेब म्हणाले.

दारोगाने आधी होडीकडे पाहिलं, मग सभोवारच्या उघड्या माळाकडे पाहिलं. "और दर्या?"

"दर्या आमच्याकडे पावसाळ्यात येतो."

दारोगाने जिनसांची यादी वरून खाली आणि खालून वर वाचली. किश्ती तिच्यात नव्हती. यादीत नसलेली वस्तू राज्यात घेता येत नव्हती, आणि मालगाडीही थांबवता येत नव्हती. शेवटी त्याने तोड काढली. होडीचं लिहिलं 'इमारती लाकूड', शिडाचं 'कापड, थान एक', गाड्याचं 'गाडी, बिनबैलाची'. त्यामुळे कागदोपत्री आमच्या राज्यात त्या वर्षी कोणतीही होडी आली नाही.

उन्हाळाभर ती आमच्या अंगणात होती. साहेबांनी तिची निगा पोटच्या पोरासारखी राखली. वर ताडपत्री, ताडपत्रीवर पत्रे. वळवाच्या सरी झाल्या तेव्हा ते छत्री घेऊन तिच्याशेजारी उभे राहिले. पुढे पावसाळ्यातही लाकडाला थेंब लागू दिला नाही. संध्याकाळी ताडपत्री काढून, गाड्यावरच्या होडीत बसून, एका इंग्रजी पुस्तकावरून ते शीड उभारायचा अभ्यास करत. वैशाखात एका संध्याकाळी वावटळ आली आणि शीड फुगलं. होडी गाड्यासकट निघाली, साहेबांसकट, आणि काकूंच्या कुरडयांच्या वाळवणात जाऊन थांबली.

काकूंनी मोडलेल्या कुरडया गोळा करता करता विचारलं, "लागला का समुद्र?"

साहेब उतरले आणि त्यांनी चाकाच्या खुणेवरून अंतर मोजलं. सव्वाअकरा फूट. शिडाच्या बळावर ती होडी एवढाच प्रवास करणार होती, हे तेव्हा आम्हाला माहीत नव्हतं.

मेहर निम्मा सरला. साहेबांच्या वहीप्रमाणे आठवा लागायला सहा दिवस होते. लेकीच्या सासरी निरोप गेला की अमुक दिवसापासून नदीच्या काठावर वाट बघा. केदारखेड्याचा सखाराम आपली बैलगाडी घेऊन जालन्याला आला. त्याने होडीच्या गाड्याची दांडी पाहिली. तिच्या टोकाला मोटारीला अडकवायची कडी होती.

"याला जू कुठं बांधू, साहेब? हे तर बैलाबिगर जन्मलेलं दिसून राह्यलंय."

शेवटी त्याने आपल्या गाडीच्या मागे तो गाडा दोराने बांधला. पुढे बैल, मग गाडी, गाडीत काकू आणि त्यांचं भलंमोठं गाठोडं, मागे होडी, होडीत साहेब. मी पायी. मला वाटलं, मास्तर म्हणून आपल्याला मान आहे. पहिला उतार आला तेव्हा कळलं की होडीच्या गाड्याला ब्रेक नाही आणि ते काम मला दिलेलं आहे. दर उताराला मी मागून दोर धरून टाचा रोवायच्या आणि साहेबांनी वरून सांगायचं, "मास्तर, आणखी जोर. अजून चार साखळ्या उतार आहे."

बैलांना मागून येणारं ते पांढरं धूड बिलकुल आवडलं नव्हतं. ते मागे वळून बघत आणि पळायला लागत. त्यामुळे पहिल्या दिवशी आम्ही अपेक्षेपेक्षा लवकर पोहोचलो, फक्त रस्ता सोडून.

वाटेत एका खेड्यात एक म्हातारी ओट्यावर बसलेली होती.

"कुठून आणली वं ही?" तिने काकूंना विचारलं.

"जालन्याहून."

"जालन्यात येवढं पाणी झालं?" म्हातारी उठली. "अगं बायांनो, होडी पुढं आली, पाणी मागून येऊन राह्यलं!"

आम्ही समजावेपर्यंत तिने दोन कोंबड्या छपरावर चढवल्या होत्या. गावाबाहेर पडून मागे पाहिलं तर माणसं ज्वारीची पोती माळवदावर नेत होती. साहेब म्हणाले, "न मोजता मानतात. काय करावं?"

तिसऱ्या दिवशी दुपारी केदारखेड्याच्या शिवेत आलो. नदीचा आवाज येत होता. सखारामने गाडी लिंबाखाली उभी केली आणि बैल सोडले.

"काय झालं?" साहेबांनी होडीतून विचारलं.

"खांदेमळणी हाय ना आज. उद्या पोळा."

"पोळा? आज मेहरची अठरा तारीख आहे!"

"ती सरकारात आसंल. बैलाची अमावस्या उद्याच हाय."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-लोण्याने चोळतात. एकदा खांदे चोळले की पोळा होईपर्यंत त्यांच्यावर जू ठेवायचं नाही. साहेबांनी सरकारी कॅलेंडरवरून तीन महिने आधी आखलेल्या प्रवासात सगळं होतं, विसाव्याच्या जागा, चढ, उतार. फक्त पोळा नव्हता, कारण तो सरकारी तारखेने येत नाही.

"अरे, छप्पन्न साखळ्या तर उरल्यात," साहेब म्हणाले. त्यांनी मोजून पाहिल्या होत्या. "जल्दी जाऊन येऊ."

"एक पाऊल न्हाई, साहेब. बैल वर्साचं वझं वाहतो. दोन दिवस त्याचे हायेत." आणि सखाराम आमच्यादेखत बैलांचे खांदे चोळत त्यांच्या कानाशी म्हणाला, "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या." आम्हाला आवतण मिळालं ते बैलांनंतर.

सकाळी अख्खं गाव बैल धुवायला नदीवर निघालं. जाताना तीसेक माणसांनी होडीला दोर लावले. मी आयुष्यात पाहिलेली ही एकमेव मिरवणूक, जिच्यात बैल मोकळे पुढे चालले होते आणि माणसं जुंपलेली होती. एक खोंड मधूनमधून थांबून आमच्याकडे वळून बघे. साहेब होडीत उभे होते, शेरवानी आणि दस्तार घालून. सरकारी नोकराने सोयऱ्यांपुढे कसं जावं याबद्दल त्यांच्या कल्पना ठाम होत्या.

पल्याड लेक दिसली. हिरवं लुगडं, शेजारी सासू, मागे दोन-चार माणसं. नदी बरीच उतरली होती. यंदा ओरडलेलं ऐकू येत होतं. साहेबांनी तिकडे पाहिलं आणि दस्तार नीट केली. मग घड्याळ माझ्या हातात देऊन म्हणाले, "मास्तर, वेळ लिहा."

होडी पाण्यात गेली. तरंगली. गावाने आरोळी ठोकली. साहेबांनी वल्हं उचललं आणि खाली पाहिलं.

उन्हाळाभर कोरड्या राखलेल्या फळ्यांच्या सगळ्या सांध्यांतून पाणी येत होतं, घाई न करता, सगळीकडून सारखं.

दुसरा कोणी असता तर त्याने उडी मारली असती. साहेबांनी खिशातून फूटपट्टी काढली. "चार इंच," ते म्हणाले. "आठ." मग, "तेरा." आवाज जराही हलला नाही. "एकवीस," ते म्हणाले तेव्हा होडीचा काठ आणि नदी एक झाली होती. होडी तळाला टेकली आणि साहेब तिच्यात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले. धुतले जाणारे बैल दोन्ही बाजूंनी बघत होते. मी वेळ लिहिली.

पल्याड लेक आधी तोंडाला पदर लावून उभी होती. मग ती पोटाला हात धरून खाली बसली. आम्ही घाबरलो. आणि वाऱ्याबरोबर तिचं हसणं ऐकू आलं.

सखाराम पाण्यात उतरला आणि त्याने फळीवर बोट फिरवलं. "लाकूड तहानलंय, साहेब. गाडीचं चाक उन्हानं खिळखिळं झालं तर आम्ही ते पाण्यात टाकून ठेवतो, फुगून घट्ट बसतं. हिला अशीच बुडू द्या. पाणी पाजा चार दिस."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. गोऱ्या इंजिनिअरचं हसणं आम्हा दोघांनाही एकदमच आठवलं असावं.

"चार दिवस न्हाईत," साहेब म्हणाले. "तीन आहेत. तीन दिवसांनी आठवा लागतो."

"मंग काहील हाय की."

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, तीन-चार माणसं बसतील एवढी. पूर ओसरू लागला की तिथली माणसं तिच्यात बसून नदी ओलांडत, दोन पोहणारे ती ढकलत नेत. साहेबांना हे ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच होडी घेतली होती. गेल्या वर्षीच्या पंचमीलाही दुसऱ्या दिवशी लोकांनी काहील काढली होती, आणि साहेब म्हणाले होते, "माझी लेक गुळासारखी येणार न्हाई."

आता ते पाण्यात उभे होते. शेरवानीचा घेर पाण्यावर पसरला होता. त्यांनी पल्याड पाहिलं. लेक हसायची थांबली होती आणि उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी फूटपट्टी खिशात ठेवली. मग म्हणाले, "आणा काहील."

मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी जेवढा आदर वाटला तेवढा दस्तारीतल्या कोणत्याच माणसाबद्दल कधी वाटला नव्हता.

काहील पाण्यात लोटली तेवढ्यात पल्याडहून सासूबाईंचा आवाज आला. "व्याहीबुवा! काहील कशाला आणून राह्यले?"

"लेकीला न्यायला!"

"आठवा लागला की हो! तीन दिवस झाले! आम्हाला वाटलं, नुसतं भेटायला येऊन राह्यले!"

"बिलकुल न्हाई! तीन दिवस शिल्लक आहेत! मोजलेत मी!"

"कोणाच्या हिशोबानं?"

"सरकारच्या!"

मग सासूबाई म्हणाल्या, "पोटातल्याला सरकार काय ठावं? चंद्राचे मोजा!"

साहेब पुटपुटत बोटांवर मोजू लागले. चंद्राचा महिना सरकारी महिन्यापेक्षा दिवसाने तोकडा. सात महिन्यांत सहा दिवसांचा फरक. म्हणजे आम्ही जालन्याहून निघालो, त्याच दिवशी आठवा लागला होता. त्यांची बोटं थांबली. आता लेक यायची नव्हती. पहिलं बाळंतपण सासरीच व्हायचं होतं, आईवाचून.

त्यांनी वळून काकूंकडे पाहिलं. "तुमच्या पंचांगात होतं हे?"

"होतं."

"मंग बोलला का न्हाईत?"

"बोलले असते तर तुम्ही निघाला असता का?" काकू म्हणाल्या. त्यांनी ते भलंमोठं गाठोडं उचललं आणि मला काहिलीत ठेवायला सांगितलं. तेव्हा त्यातून काय काय डोकावलं ते मी पाहिलं. डिंकाचे लाडू, बाळंतविडा, दुपटी, आणि काकूंची स्वतःची चार लुगडी. "तिनं यायचं न्हाई म्हणून सांगितलंय. मी जायचं न्हाई असं कुठंय?"

"तुम्ही काहिलीत बसणार?" साहेबांनी विचारलं.

"मी काही पैमाइशीत नव्हते," काकू म्हणाल्या, आणि बसल्या. लोखंडी कढई दोनदा गरगर फिरली, मग दोघा पोहणाऱ्यांनी तिला धारेला लावलं. काकूंनी एका हाताने काठ धरला होता आणि दुसऱ्या हाताने गाठोडं. पल्याड लेक धावत पाण्याच्या कडेला आली तेव्हा सासूबाईंनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. काकू उतरल्या. त्यांनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. एवढ्या लांबूनही ते दिसलं.

साहेब अजून पाण्यातच उभे होते. काकूंनी पल्याडहून ओरडून विचारलं, "अहो, आता बाहेर निघा! पोळ्याचं जेवण न्हाई का करायचं?"

मी शाळेसाठी दुसऱ्या दिवशी जालन्याला परतलो. साहेब सखारामकडे राहिले आणि होडीला पाणी पाजत बसले. चार दिवस त्यांनी तिला बुडवून ठेवलं. पाचव्या दिवशी पाणी उपसून पाहिलं तर सखारामचं म्हणणं खरं निघालं. सांधे असे बसले होते की होडीत एक थेंबसुद्धा येत नव्हता.

नदीतही तोवर फारसं पाणी राहिलं नव्हतं. साहेबांनी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला आणि चालत जाऊन लेकीला भेटून आले.